तानूबाईची टमटम आणि दोन दगडांचं सरकार

एका जंगलात, बाळांनो, सरकार नव्हतं. वाघीण होती.

हसू नका. जिथे वाघीण असते तिथे सरकारची फारशी गरज पडत नाही. वाघीण 'हो' म्हणाली की हो. 'नाही' म्हणाली की तिला पुन्हा विचारायला कुणी उरत नाही. कारभार कसा सुटसुटीत होता.

पण राणीसाहेबांना उन्हाळा सोसत नसे. ऊन तापू लागलं की त्या पलीकडच्या डोंगरातल्या थंड गुहेत जाऊन पडत. मागे जंगलात नुसता कंटाळा. कंटाळा आला की प्राणी एकमेकांच्या शेपट्या ओढत, आणि परत आल्यावर राणीसाहेबांना त्यांचे तंटे सोडवत बसावं लागे.

म्हणून एका वर्षी निघताना त्या म्हणाल्या, "मी येईपर्यंत तुम्ही सरकार-सरकार खेळा. सराव म्हणून. पुढेमागे लागलंच खरं सरकार, तर सवय असलेली बरी."

"म्हणजे खरं सरकार नाही?" कोल्ह्याने विचारलं. त्याचं नाव गुणवंतराव.

"खरं नाही. अभिरूप. सगळं अगदी खऱ्यासारखं करायचं, आणि मी आले की मोडायचं. एवढंच."

राणीसाहेब गेल्या. जंगलात आनंदीआनंद झाला.

वडाखाली समोरासमोर दोन मोठे दगड होते. उजवीकडचा दगड सरकारचा ठरला, डावीकडचा विरोधकांचा. गुणवंतराव कोल्हा मुख्यमंत्री म्हणून उजव्या दगडावर चढला. झुंबरराव नावाचा वानर विरोधी पक्षनेता म्हणून डाव्या दगडावर बसला. खेळ असल्यामुळे सगळ्यांना सगळं मिळालं पाहिजे, म्हणून दर बाजारच्या दिवशी दोघांनी दगड बदलायचे असंही ठरलं. गवा सभापती झाला, कारण त्याला कुणी उठवू शकत नव्हतं.

अर्थमंत्री कोणाला करायचं यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी खवल्या मांजराचं नाव आलं. त्याला सगळे दामोदरपंत म्हणत. त्याची खासियत अशी, की कुणी प्रश्न विचारला रे विचारला की तो गुंडाळून चेंडू व्हायचा. प्रश्न विचारणारा थकून गेला की उलगडायचा. असा अर्थमंत्री शोधूनही सापडला नसता. दगड बदलले तरी अर्थमंत्री बदलायचा नाही, यावर दोन्ही दगडांचं एकमत झालं.

आता विषय हवा होता.

पहिल्या दिवशी विषय घेतला पाण्याचा. कोल्हा म्हणाला, "जंगलाला पाणी हवं." झुंबररावाने विरोध करायला तोंड उघडलं, पण त्याच्या घशाला कोरड पडली होती. तो म्हणाला, "हवंच." झालं. प्रेक्षक जांभळं घेऊन नीट टेकलेसुद्धा नव्हते, आणि चर्चा संपली. दुसऱ्या दिवशी सावलीचा विषय घेतला. तीही सगळ्यांना हवी निघाली. प्रेक्षक चिडले. यापेक्षा शेपट्या ओढणं बरं होतं, असं तरस उघड उघड बोलू लागलं.

तेवढ्यात खालच्या वाटेने आवाज आला. टम टम टम टम.

बाळांनो, ती तानूबाईची टमटम होती. तानूबाई म्हणजे अस्वलीण. अंगाने दणकट, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. टमटम जंगलात कुठून आली असं विचारू नका. गोष्टीत बोलणारा कोल्हा तुम्हाला चालतो, मग टमटमीनं काय घोडं मारलंय?

ही टमटम करंजाच्या तेलावर चालायची. हिवाळाभर तानूबाई करंजाच्या शेंगा वेचायची, बिया वाळवायची आणि स्वतःच्या घाण्यावर स्वतःच तेल काढायची. हे सगळं कशासाठी, तर उन्हाळ्यासाठी. उन्हाळ्यात खालचा डोह आटतो. वर, घाटमाथ्यावर, एक तळं आहे, ते कधी आटत नाही. ज्यांच्या पायांत बळ आहे ते चढून जातात. ज्यांच्या नाही, त्यांना तानूबाई टमटमीतून वर पोचवायची. भाडं घ्यायची नाही. फार झालं तर वाटेत कुणाला गाणं म्हणायला लावायची.

तिच्या ठरलेल्या सवाऱ्या असत. एक कासव, धोंडोबा नावाचं. ते चालत निघालं तर वर पोचेपर्यंत पावसाळा संपायचा. साळिंदराची चिल्लीपिल्ली, ज्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे. आणि सोनाआजी. ही म्हातारी हरिणी, एका पायाने अधू. तानूबाई एवढीशी असताना तिची आई गेली, तेव्हा हिनेच तिला चाटूनपुसून मोठं केलं होतं. अस्वलाच्या पोरीला हरिणीने वाढवलं, म्हणून अख्खं जंगल हसलं होतं. तानूबाई ते विसरली नव्हती.

तर, टमटमीचा आवाज आला, आणि गुणवंतराव कोल्ह्याचे डोळे चमकले.

"इंधन!" तो ओरडला. "सभापती महोदय, इंधनावर कर!"

वडाखाली एकदम जीव आला. झुंबरराव उडी मारून उभा राहिला आणि म्हणाला, "निषेध! तीव्र निषेध!" प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या. असा विषय त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. जंगलात इंधन जाळणारी एकटी तानूबाई. इंधनावर बोलणारे मात्र सगळे.

ठराव झाला. दर गाडग्यामागे एक पळी तेल सरकारजमा. ते वडाच्या ढोलीत साठवायचं.

दामोदरपंत स्वतः पळी घेऊन तानूबाईच्या दारात गेले. तिला वाटलं, दिव्यात घालायला मागतायत. तिने हसत पळीभर दिलं. मग दुसऱ्या गाडग्यातली पळी मागितली, मग तिसऱ्या, तेव्हा तिने कंबरेवर हात ठेवले.

"कशाला हो एवढं?"

प्रश्न ऐकताच दामोदरपंत चेंडू झाले. त्यांचा एक मदतनीस मुंगूस होता. त्याने सगळा प्रकार समजावून सांगितला, आणि चेंडू ढकलत परत नेला.

तानूबाई तरातरा वडाखाली आली.

"काय रे गुणवंता, हे सरकार खोटं ना?"

"अभिरूप," कोल्ह्याने दुरुस्ती केली.

"तेच ते. मग कर पण अभिरूप घ्या की! मी रिकामी पळी देते, तुम्ही भरली म्हणा."

"आम्ही ते करून पाहिलं, तानूबाई," कोल्हा अगदी नम्रपणे म्हणाला. "सकाळी रिकाम्या पळीवर चर्चा घेतली. रंगतच येईना."

तानूबाई डाव्या दगडाकडे वळली. "आणि तू रे झुंबर? तू विरोधात आहेस ना?"

"कडाडून!" वानराने छातीवर हात ठेवला. "पण ताई, खरं सांगू? तुमचं तेल खरोखर गेल्याशिवाय माझ्या भाषणात कळवळा येत नाही. आज तुम्ही तेल दिलंत, आणि बघा, मला रडू येतंय."

आणि तो खरंच रडला. इतका सुंदर रडला, की तानूबाईलाच त्याची समजूत काढावी लागली.

बाजारचा दिवस आला. दगड बदलले. झुंबरराव वानर मुख्यमंत्री झाला आणि तानूबाईने सुटकेचा निःश्वास सोडला. चला, रडणारा आपला माणूस गादीवर बसला.

झुंबरराव उजव्या दगडावर चढला. त्याने घसा साफ केला. म्हणाला, "सभापती महोदय, जबाबदारीने बोलायचं तर एक पळी पुरणार नाही. दोन घ्याव्या लागतील."

"निषेध! तीव्र निषेध!" डाव्या दगडावरून कोल्हा ओरडला, आणि त्याला रडू आलं.

दुसऱ्या पळीचं कारणही ठरलं. पहिली पळी घेताना पळी झिजते. त्या झिजेपोटी दुसरी पळी. तिचं नाव अधिभार.

तानूबाई वानरावर धावून गेली. "अरे मेल्या, काल तूच रडत होतास ना माझ्यासाठी?"

"होतो ना," झुंबरराव ओशाळून म्हणाला. "पण ताई, त्या दगडावरून तसं दिसतं, आणि या दगडावरून असं दिसतं. मी काय मुद्दाम करतो का? खोटं वाटत असेल तर तुम्ही बसून बघा."

तानूबाई म्हणाली, "बसते की!" आणि बसली उजव्या दगडावर. कर रद्द, असं खणखणीत सांगायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तिने तोंड उघडलं.

"परिस्थिती गंभीर आहे," ती म्हणाली. "ढोलीवर ताण येतो आहे. इंधन वापरणाऱ्यांनी थोडी कळ सोसावी."

मग तिने दचकून स्वतःच्या तोंडावर पंजा ठेवला आणि दगडावरून अशी उडी मारली, की खाली बसलेला गवा पहिल्यांदाच जागचा हलला. बाळांनो, तानूबाई कधी कशाला भ्याली नव्हती. मधमाश्यांच्या पोळ्यात तोंड घालणारी बाई ती. पण त्या दिवशी तिला घाम फुटला. पुन्हा ती त्या दगडाच्या आसपास फिरकली नाही.

दिवस जात होते. चर्चा रंगत होती. आसपासच्या जंगलांतून प्राणी ऐकायला येऊ लागले. कधी कोल्हा घ्यायचा आणि वानर रडायचा, कधी वानर घ्यायचा आणि कोल्हा रडायचा. करवंदं विकणाऱ्या रानडुकरिणीचा धंदा तेजीत आला. ढोलीतलं तेल वाढत होतं. त्याचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं तेव्हा सभापती म्हणाले, ते चर्चेअंती ठरेल. तोवर सभेची शान म्हणून सभापतींच्या शिंगांना रोज तेल लावायचं ठरलं. शिंगं खरोखरच छान दिसू लागली, हे मान्य केलं पाहिजे.

आणि तानूबाईची गाडगी रिकामी होत होती.

खालचा डोह आटून चिखल झाला. पाय धड असलेले प्राणी सकाळी वर जाऊन पाणी पिऊन येत आणि दुपारी चर्चेला बसत. राहिले ते ठरलेल्या सवाऱ्यांतले. तानूबाईने उरलंसुरलं तेल एकत्र केलं आणि हिशेब केला. तेवढ्या तेलात टमटम अर्ध्या घाटापर्यंत गेली असती. अर्ध्या घाटात पाणी नव्हतं, नुसते कातळ होते.

ती सोनाआजीकडे गेली. आजी चिखलाच्या कडेला बसली होती. ओठ सुकले होते.

"आजी, थोडं थांब. मी करते काहीतरी."

"अगं, कर सावकाश," सोनाआजी म्हणाली. "आणि नाहीच जमलं, तर त्या पोरांना ने आधी. मी काय, खूप पाणी प्यायले आयुष्यात. मला राहू दे इथंच."

तानूबाईला भडभडून आलं. तिने तोंड फिरवलं आणि उगाच टमटमीचं चाक पुसत बसली. फार राग आला तिला. कुणाचा राग आला ते तिला कळेना, कारण जो तो तिच्याच बाजूने रडत होता.

नेमकं त्याच दुपारी तिला वडाखालून बोलावणं आलं. सरकार आणि विरोधक दोघांनाही घाटाची पाहणी करायची होती. इंधनावर इतकं बोलायचं म्हणजे टमटमीत एकदा बसायला नको का?

"तेल नाही," तानूबाई तुटकपणे म्हणाली.

"छे छे, तुम्ही कशाला तेल घालता?" कोल्हा म्हणाला. "हे सरकारी काम आहे. ढोलीतून घ्या. लागेल तेवढं घ्या."

आणि ढोलीतून गाडग्यामागून गाडगी बाहेर आली. तानूबाईने वास घेतला. तिचंच तेल. ती तेल काढताना घाण्यात थोडा गवती चहा टाकायची, तो वास. तिने टाकी भरली. कोल्हा, वानर आणि दामोदरपंत यांना घाटभर फिरवून आणलं. त्यांनी वाटेत तीनदा गाडी थांबवून कातळाकडे बोट दाखवलं आणि 'भीषण' असं म्हटलं.

परत येताना तानूबाईचं डोकं चालू लागलं. ती फटकळ होती, पण ढ नव्हती. उतरताना तिने अंग झटकलं आणि थेट सभेत उभी राहिली.

"सभापती महोदय," ती म्हणाली.

सगळे गार झाले. तानूबाई आजवर कुणाला महोदय म्हणाली नव्हती.

"इंधनकरामुळे माझे हाल होतायत. होतायत की नाही?"

"होतायत!" डावा दगड म्हणाला.

"होत असावेत," उजवा दगड म्हणाला.

"मग माझ्या हालांचा अभ्यास करायला एक समिती नेमा."

बाळांनो, त्या सभेत तोवर असा आनंद कुणी पाहिला नव्हता. कोल्हा आणि वानर दोघेही आपापल्या दगडांवरून खाली उतरले आणि एकमेकांना मिठी मारली. कर रद्द करा, असं म्हणणारे त्यांना खूप भेटले होते. समिती नेमा असं म्हणणारा सुजाण नागरिक पहिल्यांदाच भेटत होता.

"समितीत कोण कोण असावं?" सभापतींनी विचारलं.

"मी काय सांगणार, मी अडाणी," तानूबाई म्हणाली. "पण ज्येष्ठांचं कुणीतरी असावं. आणि महिलांचंही."

"सोनाआजी!" सगळे ओरडले. एका जागेत दोन्ही कामं झाली.

"पाण्यातल्यांचा आवाज ऐकला जावा."

धोंडोबा कासवाचं नाव आलं. शिवाय समितीला घाई नसावी, त्या दृष्टीनेही ते योग्य होतं. त्यालाच अध्यक्ष केलं.

"आणि उद्याच्या पिढीचं काय?"

साळिंदराची सगळी चिल्लीपिल्ली समितीवर गेली. त्यांच्यातल्या धाकट्याने समिती म्हणजे खायचं असतं का, असं विचारलं. त्याच्या या निर्मळ प्रश्नाचं सभेत कौतुक झालं.

"अभ्यास कुठे करायचा?" मुंगसाने विचारलं.

"वर तळ्यावर," तानूबाई चटकन म्हणाली. "माझे हाल लांबून बघितलेले बरे. नीट दिसतात."

दामोदरपंतांनी ढोलीतून तेल मंजूर केलं. त्यांना कुणी प्रश्न विचारला नाही, म्हणून त्यांना उलगडलेलंच राहता आलं, आणि त्यांनी ते हसतमुखाने मंजूर केलं.

संध्याकाळी टमटम घाट चढू लागली. पुढे तानूबाई, शेजारी सोनाआजी, मागे अध्यक्ष आणि मागच्या बाकावर उद्याची पिढी काटे सावरत बसलेली. पहिल्या वळणावर पोरांनी गाणं म्हटलं. दुसऱ्या वळणावर अध्यक्षांनी. ते इतकं संथ होतं, की एका ओळीत घाट संपला.

आणि मग समोर तळं आलं. काठोकाठ.

सोनाआजी टमटमीतून उतरली, लंगडत काठाशी गेली आणि प्यायला वाकली. खूप वेळ वाकून प्यायली. तानूबाई मागे उभी राहून बघत होती. पाणी आजी पीत होती आणि घसा तानूबाईचा ओला होत होता. पोरांनी तर काट्यांसकट तळ्यात उड्या घेतल्या. त्या दिवसापुरता जंगलात कुणाचाही राग धरावा असं तानूबाईला वाटेना. दामोदरपंतांचासुद्धा नाही.

काही दिवसांनी समितीने खाली निरोप धाडला. अध्यक्षांनी स्वतः सांगितलेला मजकूर असा होता, की अभ्यास अपुरा आहे, विषय खोल आहे, तरी समितीला तळ्याकाठीच ठेवावं.

तळ्याकाठी थंडगार वारा आहे, कमळाचे देठ खायला आहेत आणि काम काहीच नाही, ही बातमी खाली पसरली. मग काय विचारता? सशांनी तक्रार केली, की समितीवर ससे नाहीत. हा अन्याय होता. ससे घेतले. मोरांना डावललं होतं. मोर घेतले. तरस म्हणालं, "मला हालांची फार जाण आहे." तेही घेतलं. तानूबाईच्या खेपांवर खेपा सुरू झाल्या. शेवटी पाहणारं कुणी उरलं नाही, तेव्हा सरकार आणि विरोधकही निमंत्रित सदस्य म्हणून वर आले. दोन्ही दगड गव्याने ढकलत आणले. तळ्याच्या दोन काठांवर ते मांडले, आणि चर्चा थंड हवेत पुन्हा सुरू झाली.

एक अडचण मात्र आली. ढोली रिकामी झाली.

"आता खेपांना तेल कुठून आणायचं?" सभापतींनी विचारलं.

दामोदरपंत गुंडाळणार होते, पण मुंगसाने त्यांच्या कानात उत्तर सांगितलं आणि ते थांबले. समितीच्या सदस्यांना कर लावता येत नाही. ते सरकारी कामात आहेत. जंगलात समितीवर नसलेली एकच व्यक्ती शिल्लक होती.

"मी?" तानूबाई म्हणाली. "मला का नाही घेतलं समितीवर?"

"ताई, तुम्हाला घेतलं तर टमटम कोण चालवणार?" झुंबरराव म्हणाला. त्या दिवशी तो डाव्या दगडावर होता, त्यामुळे रडत म्हणाला.

तर व्यवस्था अशी ठरली. तानूबाईने रानात राहिलेल्या करंजाच्या शेंगा वेचून तेल काढायचं. ते सरकारला द्यायचं. सरकारने ते मोजून ठेवायचं, त्यातलं थोडं सभापतींच्या शिंगांना लावायचं आणि उरलेलं समितीच्या कामासाठी तानूबाईला द्यायचं. या दुसऱ्या भागाला अनुदान म्हणायचं.

पहिल्या अनुदानाचा समारंभ झाला. तानूबाईला केळीच्या पानाची शाल पांघरली, हातात नारळ दिला. गुणवंतराव कोल्हा म्हणाला, "या सरकारने एका सामान्य अस्वलिणीला भरघोस तेल दिलं." टाळ्या पडल्या. तानूबाईने गाडग्यात डोकावून बघितलं. गवती चहाचा वास आला. आणि बाळांनो, तिला एवढं हसू आलं, एवढं हसू आलं, की तिने नारळ तिथेच दगडावर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. सोनाआजीच्या वाटचं खोबरं तिने चावून मऊ करून दिलं.

उन्हाळा सरला. राणीसाहेब परतल्या. खाली बघतात तर जंगल ओस. वास काढत काढत त्या वर आल्या. तळ्याकाठी सगळी प्रजा गुटगुटीत होऊन पडली होती.

"काय गं हे?" त्यांनी समोर दिसलेल्या तानूबाईला विचारलं. तानूबाईने पहिल्यापासून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, दगडावर बसून स्वतः काय बोलली तेसुद्धा. राणीसाहेबांनी मिशा हलवत ऐकून घेतलं.

"सराव उत्तम झाला," त्या म्हणाल्या. "आता खेळ संपला. सरकार बरखास्त."

कोल्हा दगडावरून उतरला.

"विरोधी पक्ष बरखास्त."

वानर उतरला. त्याने डोळे पुसले.

"समिती बरखास्त."

तळ्यातून अध्यक्षांनी मान वर काढली आणि अभ्यास आत्ताच कुठे सुरू होत होता, असं म्हटलं.

तानूबाईचा चेहरा फुलला. "आणि कर, राणीसाहेब? करही बरखास्त ना?"

राणीसाहेब विचारात पडल्या.

"सरकार खोटं होतं," त्या म्हणाल्या. "ते मोडलं. भांडण खोटं होतं, तेही मोडलं. पण तेल? ते खरंच आलं होतं ना?"

"खरंच," तानूबाई म्हणाली. "माझ्याच घाण्याचं."

"मग कसा मोडू? एवढ्या सगळ्या खेळात जी एकच गोष्ट खरी झाली, तिला मी हात लावणार नाही. राहू दे कर."

सगळ्यांनी राणीसाहेबांच्या न्यायबुद्धीला मान डोलावली. तानूबाईने दोन्ही हात कंबरेवर ठेवले. काहीतरी फटकळ बोलणार होती. तेवढ्यात तिची नजर घाटाच्या उताराकडे गेली.

"बसा रे सगळे," ती म्हणाली. "आजी, तू पुढे बस."

सोनाआजी बसली, पोरं बसली, धोंडोबाला उचलून बसवलं. तानूबाईने इंजिन सुरूच केलं नाही. नुसता ब्रेक सोडला. टमटम आपोआप निघाली, आवाज न करता, वाऱ्यासारखी, तेलाचा एक थेंबही न जाळता. पहिल्या वळणावर पोरांनी आरडाओरडा केला. दुसऱ्या वळणावर सोनाआजीनेही केला.

मागून दामोदरपंत पळी उंचावून धावत होते. "थांबा!" ते ओरडत होते. "उतारावरही काहीतरी असलं पाहिजे!"

राणीसाहेब वरून बघत होत्या. "पुढच्या उन्हाळ्याला विषय मिळाला," त्या म्हणाल्या, आणि पाणी प्यायला तळ्याकडे वळल्या.

तात्पर्य : कर नेहमी आनंदाने भरावा. आपले हालच झाले नाहीत, तर आपल्या हालांचा अभ्यास करणाऱ्या एवढ्या सज्जनांनी जायचं कुठे? आणि हे ज्याला पटत नसेल त्याने खुशाल समितीवर जावं. फक्त आपल्याला गाडी चालवता येते, हे तिथे कुणाला कळू देऊ नये.